न लागलेली जोड : लेनॉक्स लुईस विरुद्ध रिडिक बो, १९९३. कोण जिंकला असता?

रिंगणाबाहेरचा

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट गटाच्या इतिहासातली सगळ्यात जास्त हुरहूर लावणारी न झालेली लढत कोणती, असं विचारलं तर माझं मत लुईस–बो. (‘बो’ला विभक्ती लावली की वाचणाऱ्याला कुणीतरी "बोला" म्हणतंय असं वाटतं, म्हणून पुढे रिडिकच लिहितो.)

पार्श्वभूमी थोडक्यात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये सुपर हेवीवेटच्या फायनलला दोघे समोरासमोर होते. लुईस तेव्हा कॅनडाकडून लढत होता. दुसऱ्या फेरीत रेफ्रीने लढत थांबवून त्याला विजयी केलं. पुढे दोघेही व्यावसायिक झाले. ३१ ऑक्टोबर १९९२ ला लुईसने लंडनमध्ये रेझर रडकला दुसऱ्या फेरीत उडवलं आणि १३ नोव्हेंबरला रिडिकने लास व्हेगासमध्ये इव्हँडर होलीफील्डकडून जगज्जेतेपद घेतलं. दोन्ही विजेते एकमेकांशी लढणार असं ठरलेलं होतं. पैशांच्या वाटणीवरून फिसकटलं, आणि डिसेंबरमध्ये रिडिकने डब्ल्यूबीसीचा (जगज्जेतेपद देणाऱ्या संस्थांपैकी एक) पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्ल्यूबीसीने लुईसला जगज्जेता घोषित केलं आणि विषय संपला. टायसन १९९५ पर्यंत तुरुंगात होता, त्यामुळे त्या काळात याहून मोठी जोड लावताच आली नसती.

माझे प्रश्न :

१) १९९३ च्या सुरुवातीला, १२ फेऱ्यांची लढत झाली असती तर निकाल काय?
२) "गोलोटाने रिडिकला दोनदा सोलून काढलं, लुईसने गोलोटाला पहिल्याच फेरीत झोपवलं, म्हणजे लुईस मोठा" हा युक्तिवाद सगळीकडे दिसतो (गोलोटा म्हणजे पोलंडचा हेवीवेट). तो किती धरायचा?
३) अशा कल्पित लढती तोलायची काही शिस्त आहे का, की नुसतं आपापल्या आवडीचं घोडं दामटायचं?

---

तिसरा पंच

तिसऱ्यापासून सुरू करतो, बाकीचे दोन त्यातच सुटतात.

पहिली गोष्ट तारीख. "लुईस विरुद्ध रिडिक" ही एक लढत नाहीच, निदान तीन वेगळ्या लढती आहेत. फेब्रुवारी १९९३ चा रिडिक साधारण २४० पौंडांचा, कोपऱ्यात प्रशिक्षक एडी फच, अजून एकही पराभव नाही. नोव्हेंबर १९९५ चा रिडिक होलीफील्डशी तिसऱ्यांदा लढला तेव्हा सहाव्या फेरीत खाली गेला आणि आठव्या फेरीत जिंकला. पोहोचलेला, पण झिजलेला. जुलै १९९६ चा रिडिक २५२ पौंडांचा आणि निम्म्या तयारीचा. लुईसचंही तसंच. सप्टेंबर १९९४ पर्यंतचा लुईस पेपे कोरेआच्या हाताखालचा, त्यानंतरचा इमॅन्युएल स्टुअर्डच्या. मधे काय झालं? वेम्बलीत ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीच्या ३१ व्या सेकंदाला संपवलं. त्या रात्री मॅकॉलच्या कोपऱ्यात स्टुअर्डच होता. ज्याने कुलूप फोडलं त्यालाच लुईसने राखणीला ठेवलं. शहाणा माणूस.

त्यामुळे लोक चर्चेत १९९९ चा लुईस आणि १९९२ चा रिडिक समोरासमोर उभे करतात, किंवा १९९६ चा रिडिक आणि १९९७ चा लुईस. दोन्ही चुकीचं. गोलोटाचा युक्तिवाद इथेच कोसळतो. डिसेंबर १९९६ च्या दुसऱ्या गोलोटा लढतीला रिडिक पुन्हा २३५ पौंडांवर आला होता. १९९२ ला होलीफील्डला हरवताना हेच वजन होतं. आकडा तोच, अंग वेगळं. आहार मारून पंधरा-सतरा पौंड घाईने उतरवले की काट्यावर माणूस जुना दिसतो, पण पायातली ताकद आणि मार झेलायची क्षमता परत येत नाही. दोन्ही लढती रिडिकच्या नावावर लागल्या त्या गोलोटाने कमरेखाली ठोसे मारून स्वतःला बाद करून घेतलं म्हणून.

"अ ने ब ला हरवलं, ब ने क ला" ही साखळी बॉक्सिंगमध्ये सगळ्यात निरुपयोगी. आणि सोलचा निकाल? तीन फेऱ्यांची लढत, डोक्यावर हेडगार्ड, आणि हौशी नियमांत रेफ्री फार लवकर हात वर करतो. शिवाय लुईसची ती दुसरी ऑलिम्पिक होती, तो अनुभवाने पुढे होता. त्यातून एकच गोष्ट घेण्यासारखी आहे : लुईसचा उजवा ठोसा रिडिकला गाठतो. एवढं टिपून ठेवा, बाकी सोडून द्या.

आता तोलायचं कसं. प्रत्येकाच्या तीन पूर्ण लढती घ्या, झलकांच्या क्लिपा नकोत. एक ज्यात समोरचा माणूस त्या दुसऱ्यासारखा लढतो, एक ज्यात तो दुखावला गेला, एक जी तो गुणांवर जिंकला. आवाज बंद करून बघा, कारण समालोचक तुमच्यासाठी आधीच निकाल लावत असतो. प्रत्येक फेरीत तीनच गोष्टी टिपा : आधी मागे कोण सरकतं, ठोसा बसल्यावर लगेच काय करतो (मिठी, उलटा ठोसा की नुसता मागे), आणि शेवटच्या तीस सेकंदांत पाय कसे आहेत. एका फायटरला साधारण दोन तास लागतात.

या दोघांसाठी माझी निवड : लुईसच्या टोनी टकर (मे १९९३), फ्रँक ब्रुनो (ऑक्टोबर १९९३) आणि मॅकॉल यांच्याशी झालेल्या लढती. रिडिकच्या होलीफील्डशी तिन्ही.

हे बघितलं की जे दिसतं ते असं. १९९३ चा लुईस जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारतो तो बहुतेक वेळा माप घ्यायला. खरा भरवसा एका उजव्यावर, आणि तो सोडताना वजन पुढच्या पायावर पडतं, डावा हात छातीपाशी लोंबकळतो. चुकला तर परत सावरायला अर्धा सेकंद जातो. ब्रुनोसारखा साचेबद्ध माणूस सहा फेऱ्या त्याच्याशी बरोबरीत राहिला तो नुसता सरळ जॅब-उजवा मारत. सातव्या फेरीत लुईसच्या डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेला ठोसा) खेळ फिरवला, पण तोवर ब्रुनो काही मागे नव्हता.

रिडिकचा जॅब ब्रुनोच्या जॅबपेक्षा बराच सरस आणि त्याच्यामागे आत शिरायचं कसब. साडेसहा फुटांच्या आसपासचा माणूस एवढ्या जवळून लढताना क्वचितच दिसतो : कपाळ समोरच्याच्या खांद्याला टेकवायचं, कोपर बरगडीला चिकटवायचं, डाव्याने बरगडीत आखूड हूक, आणि समोरच्याने कोपर खाली आणलं की त्याच फटीतून उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा). होलीफील्डबरोबरची पहिली लढत, दहावी फेरी. तीन मिनिटांत सगळा अभ्यासक्रम आहे.

माझा निकाल : फेब्रुवारी १९९३, रिडिक गुणांवर, ११५–११३ किंवा ११६–११२. १९९५ नंतर कधीही, लुईस.

---

डावा_हूक

पंच, शिस्त मान्य, निकाल अमान्य.

तुम्ही रिडिकचे हात बघितले, डोकं बघितलं नाही. ते हलतच नाही. होलीफील्डच्या पहिल्या लढतीत रिडिकने केवढे सरळ उजवे तोंडावर घेतले ते मोजा. त्याला ते चालून गेले, कारण मारणारा २०५ पौंडांचा होता. तोच ठोसा २३० च्या माणसाकडून, वरून खाली येणारा, धरा. टोनी टकर त्याआधी कधी खाली गेला नव्हता, लुईसने त्याला दोनदा बसवलं. रडकला पहिल्या फेरीच्या शेवटी जो उजवा लागला तो बघा, जॅबच्या आड लपवून आलेला.

आणि रिडिकचा जॅब परत येतो तो खालून. हात सरळ गालाशी न येता कमरेकडे घसरतो. लुईससारख्या उजव्या हाताच्या माणसाला यापेक्षा मोठं आमंत्रण नको.

तुमच्या म्हणण्यातला दुसरा घोळ : आत शिरणं. होलीफील्ड आत लढायला तयार होता, किंबहुना त्याला तेच हवं होतं. लुईस कशाला लढेल? तो मिठी मारेल, मानेवर वजन टाकेल, रेफ्री सोडवेल, पुन्हा लांबून सुरू. १९९३ मध्येही त्याला हे येत होतं, फक्त स्टुअर्डनंतर नीटनेटकं झालं.

हाताच्या लांबीचं तर कुणी बोललंच नाही. लुईस ८४ इंच, रिडिक ८१. तीन इंच!

लुईस, पाचव्या फेरीच्या आत.

---

कॉर्नरची_बादली

तीन इंचांवर थांबूया. या आकड्याने भल्याभल्यांची फसगत होते.

बॉक्सिंगमध्ये "रीच" म्हणजे एका हाताची लांबी नव्हे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं माप. त्यात छातीची आणि खांद्यांची रुंदी आली. म्हणजे तीन इंचांचा फरक एका हाताला जेमतेम दीड इंच, आणि त्यातही खांदे रुंद असले तर आणखी कमी. दोघांची उंची सारखीच, ६ फूट ५ इंच. पुढचा पाय चार बोटं पुढे टाकला की दीड इंच भरून निघतो. ज्याचा पाय आधी पुढे पडतो त्याचा हात लांब.

बाकी, ज्या गोष्टींवर ही लढत खरोखर फिरली असती त्या करारात ठरतात, आणि चर्चेत त्यांचा कोणी उल्लेख करत नाही.

रिंग. दोऱ्यांच्या आत १८ फुटी आणि २० फुटी यांत ऐकायला दोनच फुटांचा फरक, पण क्षेत्रफळ ३२४ विरुद्ध ४०० चौरस फूट. जवळपास एकपंचमांश जागा गेली. १८ फुटी रिंग म्हणजे रिडिकला दोन पावलांत आत जाता येतं. डब्ल्यूबीसीचा पट्टा टाकण्याआधी रिडिक तीन पट्ट्यांचा मालक होता, म्हणजे अटी त्याच्या माणसांनीच घातल्या असत्या. खालचा गादीचा थर जाड असला तर पाय रुततात, मागे सरकणाऱ्याचे जास्त. तेही त्याच्याच पथ्यावर.

रेफ्री. "डावा_हूक" म्हणतात ती मिठी किती चालेल हे रेफ्री ठरवतो. जो रेफ्री दोघांना "लढा, लढा" म्हणत दोन-तीन सेकंद थांबतो, त्याच्यासमोर लुईसचा एक हात अडकलेला आणि रिडिकचा एक हात मोकळा. जो लगेच "ब्रेक" म्हणतो, त्याच्यासमोर रिडिकचं अर्धं शस्त्र म्यान. त्या काळी दोन्ही बाजू रेफ्रीच्या नावावरून भांडायच्या त्या उगाच नाही.

ठिकाण. व्हेगास की लंडन. जवळच्या फेऱ्यांत प्रेक्षकांचा आवाज पंचांच्या पेन्सिलीत उतरतो. त्याच सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे : फायनल उघड उघड त्याची, निकाल यजमान कोरियाच्या बॉक्सरला. ते टोकाचं उदाहरण, पण दिशा तीच.

१९९३, व्हेगास, १८ फुटी रिंग : रिडिक. १९९३, लंडन, २० फुटी, लगेच सोडवणारा रेफ्री : लुईस. दोन्ही निकाल एकाच वर्षी, त्याच दोन माणसांत खरे असू शकतात.

---

फचचा_चेला

फच यांचं नाव निघालंच आहे तर जोडीला दुसरी न लागलेली जोड ठेवतो, कारण ती तोलायला सोपी आहे आणि पद्धत लगेच समजते : जो फ्रेझर विरुद्ध केन नॉर्टन, साधारण १९७४, १५ फेऱ्या.

दोघेही एडी फच यांच्या तालमीतले, एकमेकांशी सरावात भरपूर लढलेले. लढत न होण्याचं कारणही तेच. आपल्याकडेही एकाच तालमीतल्या दोन पैलवानांची जोड जत्रेत लावत नाहीत, तसंच.

नॉर्टन ६ फूट ३ इंच, फ्रेझर सहा फुटांना थोडा कमी. कागदावर नॉर्टन. आता त्याचा बचाव बघा. डावा हात पोटावर आडवा, उजवा हनुवटीपाशी आडवा, अंग थोडं वळवलेलं. अलीसारख्या सरळ जॅब मारणाऱ्याला हा बचाव काट्यासारखा टोचतो, कारण जॅब उजव्या पंजावर अडतो आणि नॉर्टन त्याच क्षणी स्वतःचा जॅब मारून पुढे सरकतो. मार्च १९७३ ला सॅन दिएगोत अलीचा जबडा मोडला तो याच गणिताने.

पण फ्रेझरचा मुख्य ठोसा सरळ येतच नाही. डावा हूक बाजूने येतो, नॉर्टनच्या उजव्या अंगाला. उजवं कोपर चेहऱ्यासमोर आडवं असलं की खालची उजवी बरगडी, म्हणजे यकृताची जागा, उघडी पडते. फ्रेझर आधी तिथेच दोन मारतो, कोपर खाली आलं की तिसरा वर.

दुसरी आणि मोठी गोष्ट पाय. नॉर्टन पुढे चालताना जगातल्या कुणालाही जड, मागे रेटला की सामान्य. मागचा पाय सरळ रेषेत येतो, अंग दोऱ्यांवर लटकतं. फोरमनने १९७४ ला कराकसमध्ये दोन फेऱ्यांत, शेव्हर्सने १९७९ ला पहिल्या फेरीत, कूनीने १९८१ ला ५४ सेकंदांत संपवला. तिन्ही वेळा तोच प्रकार. फ्रेझर त्या तिघांएवढा एका ठोशाचा मारेकरी नाही, पण मागे रेटणं हा त्याचा पिंडच.

उलट बाजू : फ्रेझर सुरुवातीला थंड असतो. १९६६ ला बोनावेनाने त्याला दुसऱ्या फेरीत दोनदा खाली पाडलं होतं. डोकं खाली घालून येणाऱ्याला उजवा अपरकट हे औषध, आणि नॉर्टनकडे ते होतं. पण अपरकट मारायला पाय रोवलेले लागतात. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत नॉर्टनने जागा सोडली नाही तरच जमणार. माझ्या मते पहिल्या चारपैकी तीन नॉर्टनच्या, मग बरगड्यांचं बिल यायला लागतं, आणि अकराव्या-बाराव्या फेरीत लढत थांबते. फ्रेझर.

आणि हो, इथे फोरमनची साखळी लावू नका. फोरमनने फ्रेझरला किंग्स्टनमध्ये सहा वेळा पाडलं, नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत. साखळीने बरोबरी निघते, हाती काहीच लागत नाही.

---

रिंगणाबाहेरचा

सगळ्यांचे आभार. रीचचं माप असं घेतात हे माहीत नव्हतं, इतकी वर्षं एका हाताचं समजत होतो.

पंचांनी सांगितलेल्या पद्धतीने होलीफील्ड–रिडिक पहिली आणि लुईस–टकर, दोन्ही आवाज बंद करून बघितल्या. एक शंका. टकरविरुद्ध लुईसने दोनदा पाडूनही लढत संपवली नाही, बाराही फेऱ्या गेल्या. पाडल्यावर तो एकेक ठोसा निवडत बसतो. म्हणजे रिडिकला पाडलं तरी "पाचव्या फेरीच्या आत" होईलच असं कशावरून?

---

डावा_हूक

बरोबर पकडलंत. पाडल्यानंतरचा लुईस १९९३ मध्ये कधी घाईत अंगावर जाऊन हवेत फिरायचा, कधी नको इतका थांबायचा. "पाचव्या फेरीच्या आत" मागे घेतो. नवव्या-दहाव्यापर्यंत रेफ्री थांबवेल, यावर ठाम आहे. रिडिक एकदा तरी खाली जाणार यावरही.

---

तिसरा पंच

खाली जाईल, मलाही वाटतं. तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत. पण ती फेरी १०–८ धरूनही (फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, खाली पडला तर ८) बाकीच्या अकरांपैकी सात रिडिकला आणि चार लुईसला दिल्या तर बेरीज किती होते बघा : रिडिक ७० + ३६ + ८ = ११४, लुईस ६३ + ४० + १० = ११३. एका गुणाने रिडिक.

हे जुळायला मात्र सात फेऱ्या रिडिकने आतच लढायला हव्यात, आणि खाली पडल्यावरही शेवटच्या फेऱ्यांपर्यंत त्याचा श्वास पुरायला हवा. ती लढत २४६ पौंडांच्या रिडिकशी झाली असती, जसा तो नोव्हेंबर १९९३ ला होलीफील्डच्या दुसऱ्या लढतीला आला होता, तर सातच्या सहा होतात. सहा-पाच आणि एक १०–८ म्हणजे ११४–११३ उलट्या बाजूला. होलीफील्डकडून तो अशाच एक-दोन गुणांनी पट्टे घालवून बसला.

---

कॉर्नरची_बादली

सहा-पाच धरलं तर रिडिक ६० + ४५ + ८ = ११३, लुईस ५४ + ५० + १० = ११४. हिशेब बरोबर. पण २४६ चा रिडिक शेवटच्या तीन फेऱ्यांत सहा-पाचही ठेवत नाही. दुसऱ्या होलीफील्ड लढतीत सातव्या फेरीत आकाशातून एक पॅराशूटवाला रिंगच्या दोऱ्यांवर येऊन आदळला, वीसेक मिनिटं खेळ थांबला, दोघांनाही फुकटची विश्रांती मिळाली. ती वजा करून दहावी, अकरावी, बारावी पुन्हा मोजा.